वहिवाट

तुमच्यापैकी जे गोल्फ खेळतात त्यांना सेंट अँड्र्यूज हे नाव समजावून सांगावं लागणार नाही. जे खेळत नाहीत, म्हणजे माझ्यासारखे बहुतेक सगळे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एडिनबर्गच्या उत्तरेला, फाइफ नावाच्या भागातलं हे गाव. दोन्ही मोठे रस्ते एका पडक्या कॅथेड्रलपाशी जाऊन संपतात. रेल्वे १९६९ साली बंद झाली, तेव्हापासून पाच-सहा मैलांवरच्या लूकर्सला उतरायचं आणि बस पकडायची. वस्ती अठरा हजारांच्या आसपास, आणि विद्यापीठात विद्यार्थी दहा हजारांच्या आसपास. विद्यापीठ १४१३ सालच्या पोपच्या फर्मानाचं, गोल्फ त्याहून किती जुना यावर लोक वाद घालतात. ओल्ड कोर्स नावाचं ते जगप्रसिद्ध मैदान गावाला इतकं चिकटून आहे की अठराव्या होलवर चेंडू उजवीकडे भरकटला तर रस्त्यापलीकडच्या इमारतीवर आपटावा.

मी इथे पोस्टडॉक आहे. पाण्याखाली मायक्रोफोन टाकून मिळालेल्या आवाजांवरून समुद्रात पॉरपॉइज किती असतील याचे अंदाज बांधणं हे माझं काम. पॉरपॉइज म्हणजे डॉल्फिनचा लाजाळू, बुटका भाऊबंद. करार तीन वर्षांचा, त्यातली दोन संपली. पुढचं ठिकाण ठाऊक नाही. या ओळी वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी आयुष्याचा काही भाग असा काढलेला असणार, त्यामुळे ती अवस्था मी रंगवून सांगत नाही.

आपल्याकडे शरद म्हटलं की कोजागिरीचं आटीव दूध, नाहीतर ऑक्टोबरचा उकाडा. इथला शरद भलताच घाईत असतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून दिवस रोज चार-साडेचार मिनिटांनी आखूड होत जातो. आठवड्याला अर्धा तास उजेड गायब. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे केली की सोमवारी दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळलेला असतो आणि प्रयोगशाळेत सगळे एकमेकांकडे जरा खजील होऊन बघतात, जणू कुणीतरी कामचुकारपणा केलाय.

याच दिवसांत गावातली माणसं बदलतात. सप्टेंबरात विद्यार्थी येतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल नावाची मोठी स्पर्धा होते, तिच्यात नामवंत खेळाडूंच्या जोडीला नट आणि उद्योगपती खेळतात, आणि ती संपली की गोल्फवाल्यांची गर्दी ओसरू लागते. ईडन नदीच्या मुखाशी आइसलंडहून गुलाबी पायांचे रानहंस उतरतात. संध्याकाळी त्यांच्या रांगा डोक्यावरून जातात, आणि त्यांचा आवाज लांबून एखाद्या लग्नघरासारखा येतो. पक्षिनिरीक्षकांच्या यादीत त्यांची नोंद ‘हिवाळी पाहुणे’ अशी आहे. ऑक्टोबर ते एप्रिल म्हणजे निम्मं वर्ष इथे राहणाऱ्याला पाहुणा का म्हणायचं, हे मला कळलेलं नाही.

मग येतो रेझिन वीकेंड. इथे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘दत्तक’ घेतात. एक शैक्षणिक आई, एक शैक्षणिक बाप, चार-पाच मुलं, शिवाय आजी-आजोबाही. पूर्वी मुलांनी या आईबापांना उपकाराची फेड म्हणून पौंडभर मनुका द्यायच्या आणि लॅटिनमध्ये पावती घ्यायची, असा रिवाज होता. आता मनुकांची जागा वाइनने घेतली आहे, आणि पावती म्हणून मुलांच्या हाती काहीतरी अवजड, हास्यास्पद वस्तू दिली जाते. सोमवारी सकाळी ती घेऊन, चित्रविचित्र पोशाखात, सगळी मुलं फेसाच्या लढाईला जमतात. पहिल्या वर्षी हे बघून मला हसू आलं. दुसऱ्या वर्षी जरा विचारात पडले. चार वर्षांसाठी आलेल्या या पोरांनी स्वतःला वंशावळ करून घेतली आहे. त्यातला कुणीही इथला नाही, पण प्रत्येकाला इथे आजी आहे.

हे गाव असंच चालत आलंय. विद्यार्थ्यांच्या आधी इथे यात्रेकरू येत, संत अँड्र्यूच्या अस्थी पाहायला. ज्यांना कायमचे रहिवासी म्हणावं असे लोक आहेतच, पण वर्षाच्या कुठल्याही दिवशी रस्त्यात भेटणाऱ्यांपैकी फार मोठा हिस्सा जाणाऱ्यांचा असतो. म्हणून मला इथेच हा प्रश्न पडला असेल: जिथे आपण थोडेच दिवस आहोत त्या जागेवर आपला हक्क किती?

प्रश्न हवेतून आला नाही. दर वर्षी शरदात या देशात मतदारयाद्या नव्याने तपासतात. घराच्या पत्त्यावर पत्र येतं: इथे कोण कोण राहतं ते बघा, बदल असेल तर कळवा. त्या पत्रावर माझं नाव छापलेलं आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या, कराराने काम करणाऱ्या, पुढच्या वर्षी बहुधा इथे नसणाऱ्या माझं. ब्रिटनमध्ये वैध परवानगीने राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना सगळ्या निवडणुकांत मत देता येतं. साम्राज्याची ही एक विसरून राहिलेली चावी आहे म्हणा ना, खिशात सापडते. स्कॉटलंडने तर २०२० च्या कायद्याने आपल्या संसदेच्या आणि स्थानिक निवडणुका राष्ट्रकुलाबाहेरच्या परदेशी रहिवाशांनाही खुल्या केल्या. आखातात तीस वर्षं काढलेल्या आणि अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेत मुलं मोठी झालेल्या वाचकांना हे वाचून काय वाटेल याची मला कल्पना आहे.

२०१४ साली स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावं की नाही यावर सार्वमत झालं, तेव्हाही निकष रहिवासाचाच होता. एडिनबर्गमध्ये जन्मून लंडनला नोकरी करणाऱ्या स्कॉटिश माणसाला मत नव्हतं. ग्लासगोत राहणाऱ्या भारतीय नागरिकाला होतं. देशाचा जन्म व्हावा की नाही हे ठरवताना त्यांनी रक्त विचारलं नाही, पत्ता विचारला. निकाल ५५ टक्के विरुद्ध ४५ असा लागला. या निकषाबद्दल कुरकुर खूप झाली, पण निकष टिकला.

डंडीला माझी एक मैत्रीण राहते, नागपूरची. ती नावनोंदणी करत नाही. आळस म्हणून नव्हे. तिचं म्हणणं असं: “मी वर्षभरात जाणार. इथल्या शाळा, इथली इस्पितळं, इथले कर यांचे परिणाम जे भोगणार त्यांनी ठरवावं. मी मत देणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात मीठ घालणं.” हा आक्षेप मला हलका वाटत नाही. ज्याला परिणाम भोगायचे नाहीत त्याने निर्णय घेऊ नये, या तत्त्वावर आपण बाकी ठिकाणी ठामपणे बोलतो. परदेशातून भारताच्या निवडणुकांवर तावातावाने लिहिणाऱ्या आपल्याच लोकांना आपण हेच ऐकवतो की नाही?

तिला उत्तर शोधताना मला एक मराठी शब्द आठवला, जो कोकणात वाढलेल्या कुणालाही शिकवावा लागत नाही: वहिवाट. जमीन कुणाची हा एक प्रश्न, आणि तिच्यावर वहिवाट कुणाची हा दुसरा. सातबाऱ्यावर नाव तुमचं असेल, पण शेजाऱ्याची बाई तीस वर्षं तुमच्या परसातून विहिरीवर जात असेल, तर ती वाट तुम्ही गडगा घालून बंद करू शकत नाही. १८८२ च्या सुखाधिकारांच्या कायद्यात त्यासाठी वीस वर्षांची मुदत आहे: उघडपणे, शांतपणे, खंड न पडता वीस वर्षं. स्कॉटलंडच्या कायद्यातही सार्वजनिक वाटेसाठी मुदत वीस वर्षांचीच आहे. हा योगायोग मला कळला तेव्हा फार आनंद झाला होता. कोर्टात जाण्याची हौस दोन्हीकडे सारखीच असणार.

आणि हे ज्या मैदानाकाठी बसून मी वाचत होते, त्या ओल्ड कोर्सची सगळी गोष्टच वहिवाटीची आहे. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली वाळूची, आखूड गवताची, नांगरटीला निरुपयोगी जागा. गावाने ती सामायिक मानली. गुरं चारली, गवताची ढेकळं काढली, धुणी वाळत घातली, आणि काठीने चेंडू मारला. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टनला या जमिनीच्या काही भागात ससे पाळायचे होते. गावाने परवानगी दिली, पण त्या दस्तऐवजात लोकांचा गोल्फ आणि फुटबॉल खेळण्याचा, नेमबाजीचा, गुरं चारण्याचा हक्क राखून ठेवला. आर्चबिशपने खेळ ‘दिला’ नाही हे लक्षात घ्या. लोक आधीपासून जे करत होते ते त्याने कबूल केलं.

१७९७ साली गावाची नगरपालिका कर्जात बुडाली होती. तिने ही जमीन हातची घालवली आणि ती सशांचा धंदा करणाऱ्यांकडे गेली. सशांनी मैदान पोखरलं. मग वीसेक वर्षं खटले, भांडणं, गावकऱ्यांनी ससे मारणं वगैरे. मालकी हक्क सशांच्या व्यापाऱ्यांकडे, वहिवाट गावाकडे. १८२१ साली जवळच्या स्ट्रॅथटायरमच्या चीप नावाच्या जमीनदाराने लिंक्स विकत घेऊन हा प्रकार थांबवला, आणि १८९४ साली संसदेच्या कायद्यान्वये जमीन पुन्हा गावाकडे आली. १९७४ पासून एक ट्रस्ट ती सांभाळतो. टीव्हीवर नेहमी दिसणारी ती भारदस्त दगडी इमारत ज्या क्लबची आहे, त्या क्लबच्या मालकीचं ओल्ड कोर्स नाही. मोसमात इथे एकदा खेळायला तीनशे पौंडांच्या वर मोजावे लागतात, तेही सोडतीत नाव निघालं तर. पण पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधोमध ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो, समुद्राकडे. कुत्र्याला घेऊन निघालेली आजी त्या रस्त्याने जाते तेव्हा टोकियोहून आलेला माणूस काठी खाली धरून थांबतो. चेंडू त्या डांबरावर पडला तर तिथूनच मारायचा, असा नियम आहे.

रविवारी तर कोर्स बंदच असतो. मोठ्या स्पर्धांचे रविवार सोडले तर तो दिवस चालणाऱ्यांचा. शरदातल्या रविवारी दुपारी दोनच्या सुमारास ऊन इतकं तिरपं येतं की मैदानावरचा एकेक उंचवटा सावलीसकट उठून दिसतो, आणि स्विलकनच्या त्या छोट्या दगडी पुलावर बाबागाड्यांची रांग लागते. इतर गोल्फ मैदानांसाठीही स्कॉटलंडचा २००३ चा कायदा आहे: ग्रीनवर पाय न ठेवता आणि खेळाला त्रास न देता तुम्ही मैदान ओलांडून जाऊ शकता. जबाबदारीने चाला, बाकी वाट तुमची.

तर मैत्रिणीला मी म्हटलं, माझं मत म्हणजे मालकी नव्हे, वहिवाट आहे. मी इथला बस पास वापरते, इथल्या डॉक्टरकडे जाते, माझ्या पगारातून इथला कर कापला जातो, इथे फुटपाथवर बर्फ साचला की मी घसरते. मी गेले तरी या खोलीत दुसरी कुणीतरी पोस्टडॉक येईल, तिलाही हेच रस्ते लागतील. जाणाऱ्यांनी मत दिलं नाही तर ‘जाणारे’ ही या गावातली सगळ्यात मोठी जात कायमची मुकी राहील. आणि आमच्याबद्दलचे निर्णय तर होतच असतात: एका घरात किती भाडेकरू असावेत, गोल्फच्या हंगामात घरं किती पौंडाला द्यावीत. माझ्या आधीच्या घरमालकाने करार संपायच्या महिनाभर आधी भाडं ज्या हिशेबाने वाढवलं तो हिशेब मला आजही सुटलेला नाही, आणि मी आकडेमोड करूनच पोट भरते.

मैत्रिणीला हे पूर्ण पटलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याच युक्तिवादात एक भोक आहे, आणि ते दाखवणारा माणूस स्कॉटिशच आहे. मालकी कशी निर्माण होते याचं जॉन लॉकचं उत्तर तुम्हाला आठवत असेल: जमिनीत स्वतःचे कष्ट मिसळले की ती आपली. डेव्हिड ह्यूमला ते पुरेसं वाटलं नाही. १७४० साली आलेल्या ‘ट्रीटिज’च्या तिसऱ्या भागात त्याने मालकीचे आधार मोजले आहेत, त्यात दीर्घ ताबा हा एक. पण तो स्पष्ट म्हणतो की काळाने वस्तूत काहीच बदल होत नाही. वीस वर्षं चाललात म्हणून माती वेगळी होत नाही. बदल होतो तो बघणाऱ्यांच्या मनात. सवय झाली, म्हणून हक्क वाटू लागला. समाज चालण्यासाठी ही सवय उपयोगाची आहे, एवढंच.

हे मान्य केलं तर वहिवाट गोड वाटेनाशी होते. कारण सवय कुणाचीही होऊ शकते. कॅथेड्रलचंच बघा. ११६० च्या सुमारास बांधकाम सुरू झालं, १३१८ साली रॉबर्ट द ब्रूसच्या उपस्थितीत ते वाहिलं गेलं, आणि १५५९ साली जॉन नॉक्सच्या प्रवचनानंतर जमावाने आतलं सगळं फोडलं. पण आज तिथे आकाशाखाली उभ्या राहिलेल्या दोन-चार भिंती जमावाने एका दिवसात केलेल्या नाहीत. पुढची कित्येक वर्षं गावकरी घरं बांधायला तिथले दगड नेत राहिले. उघडपणे, शांतपणे, खंड न पडता. तीही वहिवाटच. वेस्ट सँड्सच्या वाळूच्या टेकड्यांवर आज जिथे तिथे तार बांधून ‘गवत वाढू द्या’ असे फलक लावलेत, कारण वाळू धरून ठेवणारं ते गवत आम्हा प्रेमाने फिरणाऱ्यांच्याच पायांखाली मरतं.

आणि याहून वाईट गोष्ट क्लबची. त्या दगडी इमारतीतला क्लब १७५४ सालचा. तिथे बाईला सभासदत्व नव्हतं. लेखी कारण काही लागत नव्हतं, रिवाज पुरेसा होता. १८६७ साली बायकांनी आपला वेगळा पटिंग क्लब काढला, कारण खांद्याच्या वर काठी उचलणं बाईला शोभत नाही असं तेव्हा मानत. त्यांच्या वाट्याला आलेल्या त्या उंचसखल हिरवळीचं नाव हिमालय! आजही कुणीही थोडेसे पैसे देऊन तिथे खेळू शकतं, मी खेळले आहे. विद्यापीठाचंही वेगळं नव्हतं. १८६२ साली एलिझाबेथ गॅरेट नावाच्या तरुणीने वैद्यकीय शिक्षणासाठी इथे नाव नोंदवलं, आणि विद्यापीठाने ती नोंदणी रद्द ठरवली. पदवीच्या वर्गात बायका येऊ लागल्या त्या १८९२ पासून. क्लबाने आपला नियम बदलला तो १८ सप्टेंबर २०१४ रोजी, ८५ टक्के मतांनी. स्वातंत्र्याच्या सार्वमताचा दिवस तोच. एका बाजूला स्कॉटलंडभर परक्या पासपोर्टवाल्या माणसांना देशाचं भवितव्य ठरवायला बोलावलं जात होतं, आणि त्याच दिवशी या गावचा क्लब ठरवत होता की बायकांना आत घ्यावं का. दोनशे साठ वर्षांची अखंड वहिवाट होती त्या पुरुषांची. ह्यूमच्या हिशेबाने पक्की.

मग फरक कसा करायचा? मला सुचलेलं एवढंच आहे: पावलं मोजायच्या आधी, कुणाला चालू दिलं नव्हतं ते विचारायचं. विहिरीवर जाणाऱ्या बाईच्या वाटेने कुणाचा रस्ता बंद होत नाही. क्लबच्या वहिवाटीचा तर आशयच दुसऱ्याला बंद हा होता. आणि जो आला नाही तो स्वतःहून आला नाही, की दारातून परत पाठवला गेला, हे ताब्याच्या वर्षांवरून कळत नाही, त्यासाठी दुसरं दप्तर उघडावं लागतं.

आता यातला जो भाग मला महाग पडणार आहे तो सांगते. तत्त्व आपल्या सोयीचं असलं की ते सुंदर वाटतं. इथे माझं नाव कुठल्या दस्तावर नाही, पण पाय आहेत, म्हणून मी वहिवाटीची वकिली करते. राजापूर तालुक्यात माझी परिस्थिती नेमकी उलटी आहे. तिथे बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं आणि माझं नाव वारस म्हणून लागलं. थोडी कलमं, काजू, एक बंद घर. तिथे गेल्या सहा वर्षांत मी एकदा गेले, चार दिवस. कलमांना आळी करतो, वणव्याच्या दिवसांत रात्री जागतो, माकडं हाकलतो तो चुलत भाऊ, आमचा दादा. या गणपतीनंतर त्याने फोन करून विचारलं की मी हक्कसोडपत्र करून देईन का. बोलला अगदी सरळ, आवाज न चढवता. “तू येणार नाहीस, हे तुलाही माहीत आहे,” एवढंच म्हणाला.

सेंट अँड्र्यूजमध्ये मत मागणाऱ्या बाईने दादाला नाही कसं म्हणायचं? मैत्रिणीचा आक्षेप इथे माझ्यावर पूर्ण लागू पडतो. परिणाम तो भोगतो, मी नाही.

आई मात्र ऐकायला तयार नाही. ती डोंबिवलीला असते, आणि तिला तत्त्वज्ञानात रस नाही. तिने मला आत्याची आठवण दिली. आजोबा गेले तेव्हा, १९८७ साली, आत्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. १९५६ च्या कायद्याने बापाच्या मालमत्तेत मुलीला वाटा होता, पण ‘माहेर तुटेल’ या धाकापुढे कायदा काय करणार? आत्याने सही केली आणि पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं दर गणपतीला चिपळूणहून येऊन मोदकांच्या पाऱ्या वळत राहिली. “बायकांच्या सह्या अशाच जातात,” आई म्हणाली. “तू शिकलीस, परदेशी गेलीस, आणि करणार तेच?”

मी दोघांचं ऐकून बरेच दिवस गप्प होते. दोघांचंही बरोबर आहे, हे म्हणणं सोपं होतं आणि त्यातून सही होते की नाही हे ठरत नव्हतं. शेवटी मी माझ्याच चाचणीवर आले. मला तिथे जायला कुणी अडवलं नाही. मी माझ्या मर्जीने बाहेर पडले, मला हे काम आवडतं, आणि खरं सांगायचं तर तिथे परत राहायला जाण्याचा विचार मी आईला बरं वाटावं म्हणूनच करते. माझी अनुपस्थिती माझी आहे. आत्याची तशी नव्हती. तिचे पाय त्या जमिनीवर नसण्याचं कारण तिची सही आहे, आणि त्या सहीचं कारण आम्हीच.

म्हणून मी दादाला लिहिलं, की माझ्या हिश्श्याची सही मी तुझ्या नावे करते, पण आत्याचं नाव सातबाऱ्यावर परत लागेल त्या दिवशी. वकिलाचा खर्च मी देईन. बक्षीसपत्र करावं लागेल, थोडा गुंता आहे, पण होण्यासारखं आहे. आईला यातला पहिला भाग मान्य नाही, दादाला दुसरा. मैत्रीण म्हणते, तू दोघांनाही दुखवायची युक्ती शोधलीस.

दादाचं उत्तर तीन दिवसांनी आलं: “आत्याला या वयात काय करायचीय जमीन?” सत्तरीच्या बाईबद्दलचा हा प्रश्न तसा व्यवहाराचा आहे, त्यात दुष्टपणा नाही. मी त्याला लिहिलं की काय करायचीय ते आपण तिलाच विचारू, आजवर कुणी विचारलेलं नाही. त्यावर तो म्हणाला, दिवाळी होऊ दे, मग चिपळूणला जाऊन येतो. इथे दिवाळीपर्यंत दिवस नऊ तासांच्या आसपास येतो. मतदारयादीचं पत्र मी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलंय, त्यात बदल करण्यासारखं काही नाही, माझं नाव आहे तिथेच आहे.